सत्तावीस पौंडांची दंतकथा

आपल्या मंडळाच्या गेल्या बैठकीत 'कलावंत आणि श्रमिक' या विषयावर एका तरुण व अभ्यासू वक्त्याचे भाषण झाले. भाषण प्रभावी होते. टाळ्या भरपूर पडल्या आणि त्या वाजविणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे आज हा लेख लिहिताना थोडा संकोच वाटतो. परंतु घरी परतल्यावर लक्षात आले, की ज्या एका उदाहरणावर त्या भाषणाचा सारा डोलारा उभा होता ते उदाहरणच आतून पोकळ आहे. पोकळ पुराव्यावर खरी तक्रार उभी केली की पुरावा कोसळताना तक्रारीलाही घेऊन जातो. महसूल खात्यातील तीन दशकांच्या नोकरीत हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की आता गप्प बसणे मला शक्य नाही.

ते उदाहरण असे. १९७८ साली जेरी राफर्टी या स्कॉटिश गायक-गीतकाराचे 'बेकर स्ट्रीट' हे गाणे प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. त्या गाण्याचा प्राण म्हणजे त्यातील सॅक्सोफोनची धून. ती वाजविली राफेल रेव्हनस्क्रॉफ्ट या तरुण वादकाने. त्याला मिळाले सत्तावीस पौंड, तेही धनादेशाने, आणि तो धनादेशही वटला नाही. राफर्टीला मात्र त्याच गाण्यापोटी आयुष्यभर दरसाल ऐंशी हजार पौंड मिळत राहिले. एवढे सांगून आमच्या वक्त्यांनी आवाज चढवला आणि म्हणाले, "ज्या भूमीने 'कसेल त्याची जमीन' हा न्याय स्वीकारला, त्या भूमीने 'वाजवील त्याचे गाणे' हाही न्याय स्वीकारला पाहिजे!"

वाक्य टाळीचे होते. ते खरे आहे की नाही, एवढेच पाहायचे राहिले.

प्रथम त्या गाण्याविषयी. साहित्य मंडळात पाश्चात्त्य 'पॉप' गाण्याची चर्चा कशासाठी, अशी कुजबुज त्या सायंकाळी मागच्या रांगेत झाली होती. तिला उत्तर एवढेच, की एखाद्या कृतीचा कर्ता कोण हा प्रश्न मुळात साहित्याचाच आहे. आणि गाण्यापुरते बोलायचे तर, मी ते १९७९ साली ऐकले, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना. आमच्या वाड्यावरचा एक तारवटी सुट्टीवर आला की कॅसेटींची पिशवी घेऊन येई. त्याच्या ओसरीवर ती धून पहिल्यांदा कानी पडली. सॅक्सोफोन आम्हां गोवेकरांना नवा नव्हता. फेस्ताच्या मिरवणुकीत, लग्नात आणि प्रेतयात्रेतही आम्ही तो ऐकत आलो होतो. पण त्या वाद्यातून एका मोठ्या शहराचा एकटेपणा बोलू शकतो, हे त्या दिवशी कळले. शब्द कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

शब्द तसे साधे आहेत. एक थकलेला माणूस लंडनच्या रस्त्यावरून चालतो आहे. या शहरात सर्व काही मिळेल असे त्याला वाटले होते, आता ते वाटेनासे झाले आहे. त्याचा एक मित्र आहे. तो दारू सोडण्याच्या, थोडी जमीन घेऊन कुठेतरी स्थिर होण्याच्या गोष्टी करतो, पण तो तसे कधीच करणार नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. शेवटी सकाळ होते आणि घरी परतण्याची आशा उजाडते. शेरलॉक होम्समुळे आपल्या वाचकांना परिचित असलेल्या या रस्त्यावर राफर्टीच्या एका मित्राचे बिऱ्हाड होते. 'स्टीलर्स व्हील' हा त्याचा आणि जो इगनचा संगीतसंच १९७५ मध्ये मोडला. त्यानंतर कराराच्या तंट्यांत तो असा अडकला की सुमारे तीन वर्षे त्याला एकही तबकडी काढता आली नाही. वकिलांच्या बैठकांसाठी त्याला स्कॉटलंडहून लंडनला खेपा घालाव्या लागत आणि मुक्काम त्या मित्राकडे असे. म्हणजे ज्याला आपण शोषक म्हणून उभे केले, त्या माणसाने हे गाणे लिहिले ते स्वतः कागदपत्रांच्या चरकात पिळून निघत असताना. १९७१ मध्ये त्याने काढलेल्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेचे नावच 'माझे पैसे परत मिळतील का' अशा अर्थाचे होते. या धंद्यात पैसा कोणाच्या हाती जातो, हे पेझली गावच्या त्या कामगार कुटुंबातील मुलाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आता त्या धुनेचे स्थान पाहा. गाण्याला एक ध्रुवपद असते. कडवे संपले की गायक त्यावर येतो आणि श्रोताही त्याच्याबरोबर येतो. 'बेकर स्ट्रीट'मध्ये गायिले जाणारे ध्रुवपद नाही. जेथे ते यायला हवे तेथे शब्द थांबतात आणि सॅक्सोफोन सुरू होतो. त्या माणसाला जे बोलता येत नाही ते वाद्य बोलते. ही रचनेतील मोठी सूझ आहे. गाणे ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, अमेरिकेत सलग सहा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर राहिले, आणि ज्या 'सिटी टू सिटी' या ध्वनिमुद्रिकेत ते होते तिने १९७८ च्या जुलैत 'सॅटर्डे नाइट फीव्हर'च्या संगीताला अमेरिकेतील अग्रस्थानावरून खाली खेचले, याचे पुष्कळसे श्रेय या सुझेला आहे.

मग प्रश्न असा, की ही सूझ कोणाची? रेव्हनस्क्रॉफ्टचे सांगणे असे, की त्याच्यापुढे आलेल्या गाण्यात काही जागा रिकाम्या होत्या आणि त्या त्याने भरल्या. जग अनेक वर्षे हेच मानत राहिले. राफर्टी ४ जानेवारी २०११ रोजी वारला. त्याच वर्षी 'सिटी टू सिटी'ची नवी आवृत्ती निघाली आणि तीत या गाण्याचा मूळ कच्चा मसुदा समाविष्ट झाला. त्या मसुद्यात ती धून आहे. सॅक्सोफोनवर नाही, विद्युत गिटारवर आहे, आणि सॅक्सोफोन ध्वनिमुद्रित होण्यापूर्वीची आहे. ज्याला कान आहेत त्याने ती ऐकावी. जाणकार आणखी मागेही जातात. स्टीव्ह मार्कस या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाच्या १९६८ च्या 'हाफ अ हार्ट' या रचनेत या धुनेशी विलक्षण साम्य असलेली ओळ आहे आणि त्या रचनेवर कर्ता म्हणून गॅरी बर्टन यांचे नाव आहे. साम्य आहे एवढेच मी म्हणेन. साम्याला चोरी म्हणण्याची घाई मी करणार नाही, कारण त्या घाईविरुद्धच हा लेख आहे.

आमच्या वक्त्यांनी कूळ कायद्याची उपमा वापरली, म्हणून त्याच उपमेने उत्तर देतो. गोव्यात १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी मिळाली. मी स्वतः भाटकाराच्या घरचा नाही. आमच्या आजोबांचे नावही कुळाच्या रकान्यातच होते, म्हणून या कायद्याचे मोल मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पण पुढे मामलेदाराच्या खुर्चीत बसून मी हेही शिकलो, की शेजाऱ्यांची वदंता ऐकून एक व चौदाच्या उताऱ्यावर कुळाचे नाव चढविता येत नाही. खंडाची पावती लागते, पंचनामा लागतो, जमीन प्रत्यक्ष कोणी कसली याची साक्ष लागते. वदंतेवर नाव चढवले तर वरच्या न्यायालयात ते पुसले जाते, आणि मग खऱ्या कुळालाही कोणी दारात उभे करीत नाही.

वादकांनी अशी साक्ष देऊन दावे जिंकलेले आहेत, आणि ही उदाहरणे आमच्या वक्त्यांना अधिक उपयोगी पडली असती. 'पिंक फ्लॉइड'च्या १९७३ च्या ध्वनिमुद्रिकेत क्लेअर टोरी या गायिकेने शब्दांवाचून केवळ आलापांनी एक संपूर्ण रचना उभी केली. तिला तीस पौंड मिळाले. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या आवृत्त्यांवर रचनेच्या श्रेयात तिचे नाव आले. 'ब्लूबेल्स' या स्कॉटिश संचाच्या १९८४ मधील 'यंग अ‍ॅट हार्ट' या गाण्यात मोलाने व्हायोलिन वाजविणाऱ्या बॉबी व्हॅलेंटिनोने २००२ मध्ये सहकर्तृत्व सिद्ध केले आणि पुढच्या वर्षी अपिलातही ते टिकले. 'प्रोकोल हारम'च्या १९६७ च्या प्रसिद्ध गाण्यातील ऑर्गनची धून मॅथ्यू फिशरची होती. तब्बल चार दशकांनी, २००९ मध्ये, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने संगीतातील त्याचा वाटा मान्य केला. या तिघांनी जे निर्मिले होते ते त्यांच्याआधी त्या गाण्यात नव्हते, आणि ते त्यांनी सिद्ध करून दाखवले. 'बेकर स्ट्रीट'ची धून आधी होती. 'वाजवील त्याचे गाणे' हा नियम या गाण्याला लावता येत नाही.

येथवर वाचून काही वाचक समाधानाने मान डोलावतील. "म्हणजे तो पगारी वादक होता, पुढ्यात ठेवले ते वाजवले, पैसे घेतले, विषय संपला." नाही, विषय संपलेला नाही. माझा खरा रोख या सुखासीन समाधानावर आहे, कारण पहिली चूक निदान करुणेपोटी झालेली असते. ही दुसरी चूक आळसापोटी होते.

त्या मसुद्यातील गिटार आणि प्रत्यक्ष गाण्यातील सॅक्सोफोन एकापाठोपाठ ऐका. स्वर तेच आहेत, पण गिटार ऐकून रस्त्याने चालणारा माणूस थबकला नसता. रेव्हनस्क्रॉफ्टच्या फुंकीत एक चिरलेली आर्तता आहे. ती स्वरलेखनात लिहिता येत नाही. त्याला स्वतःला आपले हे वादन आवडत नसे, सूर किंचित उतरलेला आहे अशी त्याची तक्रार होती. असेलही. पण तो उतरलेला सूरच त्या थकलेल्या माणसाचा सूर झाला. आपल्या परंपरेत हे कळायला इतके अवघड का जावे? बंदिश एकाची असते आणि गायकी दुसऱ्याची. अल्लादिया खाँसाहेबांकडून घेतलेली चीज केरीच्या केसरबाईंनी गायिली तेव्हा ती चीज केसरबाईंनी रचली असे कोणी म्हणाले नाही, आणि केसरबाईंनी ती नुसती वाचून दाखवली असेही कोणी म्हणाले नाही. कर्तृत्व आणि आविष्कार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दोन्ही थोर आहेत, आणि दोहोंचा मोबदला वेगवेगळ्या हिशेबाने द्यावा लागतो. एवढी साधी गोष्ट पाश्चात्त्य कायद्याला समजायला विसावे शतक सरावे लागले.

कारण खरा अन्याय येथेच होता. राफर्टीच्या खिशात किंवा वटला-न वटला त्या धनादेशात तो शोधून सापडणार नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये गाणे लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रसारणामागे काही मिळे. वाजविणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळे आणि त्यानंतर काहीच नाही. धनादेश वटला असता, सत्तावीसऐवजी सत्तर पौंडांचा असता, तरी व्यवस्था तीच राहिली असती. १९९६ मध्ये नवे नियम आले तेव्हा कुठे ध्वनिमुद्रिकांच्या प्रसारणाच्या उत्पन्नात वादकांचा न्याय्य वाटा कायद्याने मान्य झाला. अमेरिकेत तर साध्या आकाशवाणी केंद्रांवर ध्वनिमुद्रिका वाजली तर वादकाला किंवा गायकाला आजही कायद्याने एक पैसा देणे लागत नाही. २०१० मध्ये 'बेकर स्ट्रीट'ची पन्नास लाख प्रसारणे पूर्ण झाल्याबद्दल बीएमआय या अमेरिकी संस्थेने राफर्टीचा गौरव केला. या लक्षावधी प्रसारणांचा मोबदला गीतकार राफर्टीला मिळाला. अमेरिकी केंद्रांवर तेच गाणे गाणाऱ्या राफर्टीला गायक म्हणून काहीही मिळाले नाही! तेथे तो आणि रेव्हनस्क्रॉफ्ट एकाच रांगेत उभे होते. ज्यांना खलनायक आणि नायक अशी वाटणी करून हवी असते त्यांनी या एका गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

आणि त्या दोघांत आपण समजतो तसे वैर होते काय? १९७९ मध्ये रेव्हनस्क्रॉफ्टने स्वतःची ध्वनिमुद्रिका काढली. तिला त्याने नाव दिले ते राफर्टीच्याच एका जुन्या गाण्याचे. पुढे १९८३ मध्ये 'पिंक फ्लॉइड'च्या 'द फायनल कट'मध्येही तो वाजवताना आढळतो. तो उपाशी मेलेला अनामिक नव्हता आणि राफर्टी माडीवर लोळणारा सावकार नव्हता. एवढे यश मिळूनही राफर्टीने अमेरिकेचा दौरा करण्याचे नाकारले. प्रसिद्धीपासून तो पळत राहिला आणि गाण्यातल्या मित्राप्रमाणे दारूच्या आहारी जाऊन यकृत निकामी होऊन गेला. दंतकथेला ही दोन्ही खरी माणसे नकोशी असतात. तिला हवी असतात मातीची चित्रे.

दंतकथा जन्मते कशी याचा या गाण्याइतका बोलका दाखला मिळणे कठीण. ब्रिटनमध्ये बॉब होलनेस नावाचे एक सभ्य, लोकप्रिय निवेदक होते. विद्यार्थ्यांसाठीच्या 'ब्लॉकबस्टर्स' या दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेमुळे ते घराघरांत पोहोचले. 'बेकर स्ट्रीट'मधील सॅक्सोफोन या होलनेसांनी वाजवला, अशी वदंता १९९० च्या सुमारास पसरली आणि हजारो लोकांनी ती खरी मानली. स्टुअर्ट मकोनी या संगीत-पत्रकाराने ती आपण गमतीखातर छापल्याचे पुढे सांगितले. तिच्या पितृत्वावर इतरांनीही हक्क सांगितला. खुद्द होलनेसांनी ती थट्टा खेळकरपणे घेतली. पण या थट्टेला जागा कोठून मिळाली? एकेरी तबकडीवर नाव असते गायकाचे. आकाशवाणीचा निवेदकही त्याचेच नाव घेतो. ज्याची फुंक सर्वांच्या कानांत बसली होती त्याचे नाव मात्र कोणाच्याच ओठांवर नव्हते. उताऱ्यावरचा रकाना रिकामा होता, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यात हवे ते नाव लिहिले. जेथे नोंद होत नाही तेथे अफवा नोंद करते, हा माझा महसुली अनुभव आहे.

आता हा आरसा आपल्याकडे वळवतो. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत आमच्या गोव्याच्या वादकांनी किती वर्षे घालवली, हे आपण अभिमानाने सांगतो. चर्चच्या शाळांत मेस्तांकडून स्वरलेखन शिकलेली ही मंडळी व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन मुंबईला गेली. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, हळदोण्याचे चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. यातील गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील पडद्यावरचा अँथनी गोन्साल्विस सारा देश ओळखतो. ज्यांच्या नावावरून ते नाव आले ते २०१२ मध्ये गोव्यात वारले, तेव्हा शेजारच्या गावांतही किती जणांना कळले असेल? येथेही दोन्ही चुका आपण करतो. एक वर्ग म्हणतो, "सगळ्या चाली आमच्या लोकांच्याच, संगीतकारांनी नुसती नावे लावली." याला पुरावा नाही, आणि असे बोलून आपण त्या संगीतकारांवर अन्याय करतो. दुसरा वर्ग म्हणतो, "ती रोजंदारीची माणसे होती." म्हणजे ज्या स्वररचनेने, ज्या संयोजनाने ती गाणी उभी राहिली, त्याचा हिशेबच नको!

कायद्याने काही केले नाही असे नाही. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने 'परफॉर्मर'चा, म्हणजे सादरकर्त्याचा, हक्क प्रथमच आला. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला व्यापारी वापरातील मानधनाचा वाटा आणि आपले नाव नोंदले जाण्याचा नैतिक हक्कही दिला. परंतु त्याच दुरुस्तीत एक पाचर आहे. चित्रपटातील ज्याचे काम किरकोळ वा आनुषंगिक आहे आणि उद्योगाच्या प्रचलित प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो बहुतेक हक्कांपुरता सादरकर्ताच मानला जाणार नाही! एक्स्ट्रा कलाकारांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले गेले असेल. पण तत्त्व पाहा. नाव द्यायचे नाही ही प्रथा, आणि प्रथेमुळे नाव नाही म्हणून हक्क नाही. भाटकाराने पावती द्यायची नाही, आणि पावती नाही म्हणून कूळ नाही, हा युक्तिवाद मी माझ्या टेबलासमोर शेकडो वेळा ऐकला आहे.

येथे एक गोष्ट माझ्याविषयी सांगणे भाग आहे, नाहीतर हा सारा उपदेश फुकाचा ठरेल. नोकरीच्या उमेदीच्या काळात कुळांच्या प्रलंबित प्रकरणांवरचा एक अहवाल माझ्या सहीने वर गेला. तो वाखाणला गेला आणि माझ्या पुढच्या बढतीला त्याचा हातभार लागला. अहवालाची दिशा माझी होती, निष्कर्ष माझे होते, हे मी आजही म्हणेन. पण तो लिहिला होता आमच्या हेडक्लार्कने. गावोगावच्या कुळांचे प्रश्न त्याने अशा सरळ, जिवंत भाषेत मांडले होते की वाचणारा अधिकारी पान उलटल्याशिवाय राहू शकला नसता. वरिष्ठांनी भर बैठकीत त्या भाषेचे कौतुक केले. तो माझ्या मागच्या खुर्चीवर फाइली घेऊन बसला होता. मी वळून त्याच्याकडे बोट दाखवायला हवे होते. मी मान लववून आभार मानले. त्याने कधी तक्रार केली नाही. तो निवृत्त झाला, पुढे वारलाही. कोणी म्हणाले की तो अहवाल त्याचाच होता, तर ते असत्य ठरेल. कोणी म्हणाले की त्याने नुसती नक्कल केली, तर ते त्याहून मोठे असत्य ठरेल. त्या अहवालावर दोन नावे असायला हवी होती. एका ओळीचा प्रश्न होता.

म्हणून आमच्या तरुण मित्रांना माझे सांगणे आहे, की सत्तावीस पौंडांची गोष्ट सोडून द्या. ती रंजक आहे, पण तिने एका मृत गीतकाराची धून हिरावून घेतली जाते आणि वादकाच्या पदरातही काही पडत नाही. मागच्या रांगेतल्या माझ्या समवयस्कांना सांगणे असे, की मसुदा सापडला म्हणून हात झटकू नका. धून राफर्टीची होती, आणि ती जगाच्या कानी पोहोचली रेव्हनस्क्रॉफ्टच्या श्वासातून. २०१४ च्या ऑक्टोबरात रेव्हनस्क्रॉफ्ट गेला तेव्हाही पुष्कळांनी त्याला ओळखले ते त्या न वटलेल्या धनादेशामुळेच. कलावंताची याहून मोठी विटंबना कोणती?

आणि शेवटी आपल्या मंडळापुरती एक सूचना. हा लेख लिहिण्यापूर्वी मी माझ्याकडे जपून ठेवलेल्या मंडळाच्या जुन्या निमंत्रणपत्रिका काढून पाहिल्या. गायकाचे नाव ठळक अक्षरांत. अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, देणगीदारांचेही. त्याखाली बहुतेक पत्रिकांवर केवळ तीन शब्द: 'तबला, संवादिनीची साथ'. ही साथ कोणाची ते छापलेले नाही. ज्या पत्रिका मी स्वतः कार्यवाह असताना काढल्या त्यांतही नाही. पुढील कार्यक्रमापासून प्रत्येक साथीदाराचे पूर्ण नाव गायकाच्या नावाखालीच, वाचता येईल अशा अक्षरांत छापावे, आणि कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण कोठेही वापरले तर त्याचा मोबदला साथीदारांनाही द्यावा, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. टाळ्या वाजविणाऱ्यांनी त्या दिवशी हातही वर करावेत.